बंदुकीच्या भिंगावर बसणारी काजळी येते कुठून, आणि ती पुसताना काय चुकतं?

लोडशेडिंगचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना कंदिलाची काच पुसणंही आठवत असेल. दिवे जायच्या आधी काच काढायची, आत चिमूटभर राख टाकायची, वर्तमानपत्राचा बोळा नाहीतर जुन्या धोतराचं फडकं आत सारायचं आणि गोल गोल फिरवायचं. काळीकुट्ट काच दोन मिनिटांत लख्ख व्हायची. हात काळे व्हायचे, क्वचित काच हातातच फुटायची, पण राखेने काच खराब झाली अशी तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही.

हाच हातखंडा एखाद्याने बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर वापरला, तर मात्र महागडं भिंग एका संध्याकाळीत कायमचं धुरकट होऊ शकतं. काजळी जवळपास तशीच आहे, दोन्हीकडे काचच आहे, तरी असं का? आणि मग ती काजळी काढायची तरी कशी? हा प्रश्न रोज पडणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत: पोलीस, सैनिक, परवानाधारक नेमबाज. पण त्याचं उत्तर कॅमेरा, पक्षी बघायची दुर्बीण किंवा साधा चष्मा वापरणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं आहे.

कोणती भिंगं?

बंदुकीवर काचेच्या तीन वेगवेगळ्या वस्तू असू शकतात आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

पहिली म्हणजे स्कोप, लांबचं मोठं करून दाखवणारी नळीसारखी दुर्बीण. दुसरी रेड डॉट. यात काहीच मोठं दिसत नाही, फक्त काचेत एक लाल ठिपका दिसतो आणि तो जिथे टेकेल तिथे नेम. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली विजेवर चालणारं असं पहिलं साधन बाजारात आणलं. त्यामागची मूळ कल्पना त्याहून बरीच जुनी, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडलेली. आज अमेरिकेत स्पर्धेच्या पिस्तुलांपासून पोलिसांच्या कमरेच्या पिस्तुलापर्यंत रेड डॉट सर्रास दिसतो. तिसरी वस्तू म्हणजे नळीच्या खाली बसवलेला टॉर्च. रात्री समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, यासाठी तो असतो. तिन्हींवर काजळी बसते. तिन्हींच्या काचा मात्र सारख्या नसतात.

जाता जाता एक गोष्ट. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा अनेकांना वाटलं की त्याच्या रायफलीवर मोठी दुर्बीण असणार. तशी ती नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत नेम धरायच्या साधनात भिंग बसवायला परवानगीच नाही. बारीक छिद्रातून पुढच्या कड्याकडे बघायचं आणि त्या कड्यात लक्ष्य आणायचं, एवढंच. १० मीटरच्या एअर रायफलीत तर दारूच नसते, दाबलेल्या हवेवर काम चालतं, त्यामुळे काजळीचा प्रश्नच येत नाही. ही कटकट आहे ती दारूचं काडतूस आणि भिंग एकत्र येतात तिथली.

ही काजळी नेमकी कशाची?

जुन्या काळची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ढोबळ प्रमाण ७५, १५ आणि १०. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, घन रूपात मागे उरतो आणि म्हणूनच जुन्या लढायांच्या वर्णनांत धुराचे लोट असतात. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू तयार केली आणि चित्र पालटलं. आजच्या काडतुसात तीच जात वापरतात.

‘बिनधुराची’ हे नाव मात्र थोडं फसवं आहे. ती जवळजवळ सगळी वायू होते, सगळी नाही. पिस्तुलाची नळी आखूड असते. गोळी बाहेर पडेपर्यंत सगळे दाणे जळून होत नाहीत. अर्धवट जळलेले दाणे, काजळी, दाण्यांवर मुळातच चोपडलेलं ग्रॅफाइट असं सगळं गरम वायूबरोबर बाहेर येतं. त्यात काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरचा वाटा मिसळतो. प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारा बारीक पुडा, आणि नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. म्हणजे शिसं, बेरियम, अँटिमनी. न्यायवैद्यक प्रयोगशाळा संशयिताच्या हातावर गोळीबाराचे कण शोधतात तेव्हा एकाच कणात हे तिन्ही सापडतात का, हेच बघतात. त्यात गोळीच्या शिशाचा आणि तांब्याच्या आवरणाचा अंश येतो. .२२ च्या काडतुसात शिशाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस चोपडलेलं असतं, तेही जळून वर बसतं. आणि बंदुकीला लावलेलं तेल तर असतंच.

थोडक्यात, आपण ज्याला सरसकट ‘कार्बन’ म्हणतो तो एक चिकट काला आहे: काजळी, तेल, मेण, न जळलेली दारू आणि धातूचे बारीक कण. चुलीवरच्या धुराड्यात जमणारा चिकटा आठवा आणि त्यात धातूचा चुरा मिसळा.

यातली शुद्ध काजळी कुठल्याच घरगुती द्रावणात विरघळत नाही. पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये नाही, पेट्रोलमध्येही नाही. ‘कार्बन विरघळवणारं’ म्हणून जे बाटलीत मिळतं, ते खरं तर काजळीच्या कणांना धरून ठेवणारा चिकटा सैल करतं. चिकटा सुटला की कण आपोआप मोकळे होतात आणि फडक्यावर येतात. म्हणून इथे जोर लावून उपयोग नाही, वेळ द्यावा लागतो. हे एवढं लक्षात आलं तरी निम्मी भिंगं वाचतील.

काजळी कुठे जास्त बसते, हे वायू कुठून सुटतो त्यावर आहे. टॉर्च नळीच्या तोंडाजवळ, त्यामुळे त्याचा पहिला नंबर. पन्नासेक गोळ्यांतच त्याची काच राखाडी होते, शिवाय ती तापते आणि एकावर एक थर भाजून पक्के होतात. पिस्तुलाच्या स्लाइडवरचा रेड डॉट रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिडकीच्या मागेच असतो, म्हणून प्रत्येक गोळीला त्याच्या तोंडावर फुंकर बसते. स्पर्धेच्या काही पिस्तुलांना झटका कमी करण्यासाठी नळीच्या टोकाला वर तोंड केलेली भोकं असतात, त्यांतला वायू थेट भिंगाच्या वाटेवर येतो. सायलेन्सर लावला तर वायू मागे ढकलला जातो आणि स्कोपच्या मागच्या बाजूवरही काळं दिसायला लागतं. लांब नळीच्या रायफलीवरचा स्कोप त्या मानाने स्वच्छ राहतो.

राखेने कंदील चालतो, मग भिंग का नाही?

कंदिलाची काच उघडी काच असते. भिंगावर मात्र एक लेप असतो आणि सगळं प्रकरण त्या लेपाचं आहे.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या काचेत आपलं अंधुक प्रतिबिंब दिसतं ते त्यामुळे. एका काचेपुरतं ठीक. पण चांगल्या स्कोपमध्ये एकामागोमाग आठ भिंगं असली तर सोळा पृष्ठभाग होतात आणि प्रत्येक ठिकाणी ४ टक्के गळत गेले तर शेवटी डोळ्यापर्यंत जेमतेम ५२ टक्के प्रकाश पोचतो. वर परतलेला प्रकाश नळीत इकडेतिकडे आपटून चित्रावर दुधाळ पडदा धरतो तो वेगळाच.

यावरचा उपाय आधी चुकून दिसला. १८८६ साली लॉर्ड रॅली यांच्या लक्षात आलं की जुनी, हवेने डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आरपार सोडते. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये भिंगं बनवणारे डेनिस टेलर यांनाही तेच दिसलं. वयाने मळलेलं भिंग नव्यापेक्षा सरस! त्यांनी काच मुद्दाम तशी ‘म्हातारी’ करायची रासायनिक कृती शोधून १९०४ साली तिचं पेटंट घेतलं, पण त्यात भरवसा नव्हता. जर्मनीत झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली निर्वात पेटीत खनिजाची वाफ करून तिचा पातळ थर काचेवर बसवण्याची पद्धत काढली. सुरुवातीचे असे थर इतके नाजूक होते की बोट फिरवलं तरी जायचे. पुढे काच तापवून थर बसवायची युक्ती आली, तेव्हा ते पुसण्याजोगे झाले.

आज भिंगावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर किंवा वेगवेगळ्या पदार्थांचे अनेक थर असतात. प्रत्येक पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्यापर्यंत आली, तर त्याच सोळा पृष्ठभागांतून ९२ टक्के प्रकाश पार होतो. हा थर किती जाड? हिरव्या प्रकाशासाठी हिशेब केला तर साधारण १०० नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सत्तर हजार ते एक लाख नॅनोमीटर धरली, तर लेप केसाच्या सातशेव्या ते हजाराव्या भागाएवढा. त्याचं काम नेमक्या जाडीवर अवलंबून असतं, म्हणून तो थोडा घासला गेला तरी त्या जागी भिंग वेगळ्या रंगाचं दिसू लागतं. रेड डॉटमध्ये तर दुप्पट अडचण. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला एक खास लेप असतो, तो फक्त लाल रंग परतवतो आणि बाकीचा जाऊ देतो. तो ओरखडला तर ठिपकाच बिघडतो.

आता धूळ. आपल्या हवेतल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कडकपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे धुळीचा कण काचेपेक्षाच कडक, मग तिच्यावरच्या लेपाची काय कथा! काजळी स्वतः मऊ असते, ती ओरखडे काढत नाही. तिच्या चिकट्यात रुतलेली वाळू आणि धातूचे कण ओरखडे काढतात आणि त्यांना काचेवर फिरवणारा हात आपला असतो. शर्टाच्या टोकाने भिंग पुसणं म्हणजे याच कणांनी पॉलिश पेपर मारणं. माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आहेत. ऊन समोरून आलं की त्या चमकतात आणि प्रत्येक वेळी मला तो सुती शर्ट आठवतो.

काढायची कशी?

आधी बंदूक. रेड डॉटचं किंवा टॉर्चचं पुढचं भिंग पुसायला हात नळीच्या तोंडासमोर न्यावा लागतो. घरात बंदूक साफ करताना गोळी सुटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मॅगझिन आधी काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, परत एकदा तपासायचं. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते, हे विसरलं की अपघात होतो. बोल्ट असलेल्या रायफलीचा बोल्ट काढूनच ठेवावा. पिस्तुलाची स्लाइड उतरवून वेगळी घेतली तर सगळ्यात उत्तम. काडतुसं त्या खोलीतच नकोत. स्कोप मात्र रायफलीवरून उतरवू नये, कारण परत बसवल्यावर नेम नव्याने जुळवावा लागतो.

मग कोरडी धूळ. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा रबरी ब्लोअर दाबून हवा मारायची. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात. डब्यातली दाबलेली हवा मारायची तर डबा उभा धरावा, आडवा झाला की थंड द्रव भिंगावर उडतो. उरलेले कण मऊ केसांच्या ब्रशने झटकायचे. ब्रश त्याच कामाचा वेगळा ठेवावा. बंदुकीच्या तेलाचा ब्रश भिंगाला लावला तर सगळं मुसळ केरात.

यानंतर भिजवणं, आणि इथे घाई करायची नाही. भिंगांसाठीचं तयार द्रावण किंवा औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लेन्स पेपरवर घ्यायचं. भिंगावर थेट ओतायचं नाही, कडेच्या फटीतून ते आत जाऊ शकतं. ओला कागद भिंगावर नुसता पसरून मिनिट-दोन मिनिटं राहू द्यायचा. कागद उचलला की त्यावर तपकिरी-काळा छाप उमटलेला दिसतो. हा छाप म्हणजे न घासता निघालेली काजळी. नवा कागद, पुन्हा तेच. छाप फिका झाला की मगच पुसायचं, मधून सुरू करून गोल गोल कडेकडे, बोटाच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता. एकदा फिरवलेली बाजू परत भिंगाला लावायची नाही. कडेच्या खाचेतलं काळं कापूस गुंडाळलेल्या काडीने टिपावं. शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याचा हलका हात. ते फडकं धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नये, त्याचा थर पुढच्या वेळी भिंगावर येतो.

तेलकटपणा फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, हेही चांगलं काम करतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच पाणी. बोअरवेलच्या पाण्याचे क्षाराचे डाग मागे राहतात. भिंगावर हाश्श करून वाफ धरायची सवय अनेकांना असते. चष्म्यावरच्या धुक्याला ती ठीक आहे, पण वाफेचं पाणी तेलकट चिकट्याला काहीच करत नाही, म्हणून मग माणूस जोर लावतो.

काय वापरू नये याची यादी मोठी होईल, पण नेहमी हाताशी असणाऱ्या तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. नळीतलं तांबं काढायच्या द्रावणात अमोनिया असतो, खिडकी पुसायच्या निळ्या द्रावणातही असू शकतो. लेपाशी त्याची गाठ पडू देऊ नये. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असलं तरी हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ मिसळलेले असतात, त्यांचा थर मागे उरतो. आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन. काच त्याने बिघडत नाही, पण पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकच्या भिंगाला ते एका थेंबात तडकवतं. आपलं भिंग काचेचं आहे की प्लास्टिकचं हे माहीत नसेल, तर बरोबर आलेली पुस्तिका काढून बघावी.

काही रेड डॉट वरून उघडे असतात. मागच्या बाजूला लाल प्रकाश सोडणारा टाचणीच्या टोकाएवढा दिवा उघडाच दिसतो. ठिपका गोल दिसण्याऐवजी फुटल्यासारखा, चांदणीसारखा दिसू लागला तर दोष बहुतेक वेळा या दिव्यावर बसलेल्या कणाचा असतो. भिंग पुसून तो जात नाही. जवळपास कोरडी, फक्त ओलसर केलेली कापसाची काडी हलकेच टेकवावी.

खोडरबराची गोष्ट

अमेरिकेत टॉर्चची काच साफ करायला शाळेतला खोडरबर वापरतात आणि ते खरंच चालतं. भाजून बसलेली काजळी रबराने घासली की सुटून येते. यशस्वी झालेला माणूस मग तोच खोडरबर रेड डॉटवर फिरवतो आणि फसतो. खोडरबरात, विशेषतः शाई खोडणाऱ्या रबरात, घासणारी भुकटी असते. टॉर्चची साधी काच म्हणजे आपली कंदिलाची काच, तिला ते चालून जातं. लेपाला चालत नाही. टूथपेस्ट आणि पितळ चमकवायच्या पॉलिशचंही तेच.

काच साधी आहे की लेपाची, हे ओळखायला पैसे पडत नाहीत. ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरून प्रतिबिंब बघा. ट्यूब पांढरीशुभ्र आणि ठळक दिसली तर काच उघडी. प्रतिबिंब हिरवट, जांभळट किंवा पिवळसर आणि मंद दिसलं तर लेप आहे. महागड्या टॉर्चच्या काचेवरही लेप असतो, त्यामुळे ‘टॉर्च आहे, घास’ असं धरून चालू नये. आधी ट्यूबलाइट, मग खोडरबर.

बसूच नये म्हणून

चुलीवर पातेलं चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप द्यायची पद्धत आपल्याकडे होती. काजळी लेपावर बसते आणि घासताना लेपाबरोबर सुटून येते. टॉर्चच्या काचेवर नेमबाज नेमकं हेच करतात. सरावाआधी काचेवर ओठांना लावायचं बाम किंवा पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवतात. काजळी त्यावर बसते, संध्याकाळी कागदाने पुसलं की काच मोकळी. काहीजण सरावापुरती पारदर्शक चिकटपट्टी लावतात. टॉर्चमधून फक्त प्रकाश बाहेर जायचा असतो, तो थोडा पसरला तरी सरावापुरतं चालतं. ज्या काचेतून बघायचं आहे तिच्यावर हे करता येत नाही, सगळं धूसर दिसेल. तिथे झाकण हाच उपाय: बंदूक वापरात नसताना भिंग झाकलेलं.

पावसाळ्यात झाकणाचं गणित उलटतं. कोकणात कॅमेरा वापरणाऱ्यांना भिंगावरची बुरशी ठाऊक असते. दमट हवा, अंधार आणि तेलकट मळ मिळाला की ती कोळ्याच्या पायांसारखी पसरते, आणि ती सोडत असलेल्या आम्लाने लेपावर कायमचे डाग पडतात. काजळीचा चिकटा हा असाच तेलकट मळ. म्हणून जून लागायच्या आत भिंगं स्वच्छ करावीत, आणि चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पेटीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. पुड्या मधून मधून तापवून कोरड्या कराव्या लागतात.

हाताला लागलेलं काळं

एवढा वेळ भिंगाची काळजी झाली. पुसणाऱ्याचीही करायला हवी, कारण त्या काळ्या छापात शिसं आहे. ते त्वचेतून फारसं आत जात नाही, पण बोटांवरून तोंडात जातं. पुसता पुसता चहाचा घोट, तंबाखूची चिमूट, बिडी, घामाने ओघळलेलं तोंड त्याच हाताने पुसणं, यातून. लहान मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर हे काम नको. हातात पातळ मोजे घालावेत, वापरलेले कागद पिशवीत बांधून टाकावेत, फडकं घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नये. काम झाल्यावर हात साबण आणि थंड पाण्याने धुवावेत. सॅनिटायझरने शिसं जात नाही, फक्त हातभर पसरतं.

मग किती वेळा पुसायचं? वाटतं त्यापेक्षा कमी. भिंगावरचा एखादा ठिपका चित्रात दिसतही नाही, कारण नजर लांबवर खिळलेली असते आणि तो ठिपका पार विरून जातो. रेड डॉटच्या बाहेरच्या बाजूला काजळी आली तरी लाल ठिपका तसाच राहतो, कारण तो आतल्या बाजूवरून परततो. फरक पडतो तो समोर ऊन असताना, काजळीवर प्रकाश विखुरला की लक्ष्य पांढरट पडद्याआड जातं. त्यामुळे सरावानंतर ब्लोअर आणि ब्रश पुरे, आणि उन्हाकडे तोंड करून बघितल्यावर पडदा जाणवला तरच ओला कागद. टॉर्चचं मात्र वेगळं. रात्री त्याच्याच भरवशावर समोरचा माणूस चोर आहे की घरातला, हे ओळखायचं असतं. काळवंडलेली काच प्रकाश खाते आणि दिवसा ते लक्षातही येत नाही, म्हणून टॉर्चची काच प्रत्येक सरावानंतर पुसायची आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीवर मारून बघायची.